पासवर्ड तुम्हीच ठेवलाय

मुकुंदा,

तुझ्या घरी भेटायला येणारी माणसं आधी तुझ्या फोटोला हात जोडायची, मग मंगलवहिनींसमोर थोडा वेळ मान खाली घालून बसायची, आणि निघताना मला खुणेनं जिन्यात बोलावून हळूच विचारायची, "पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय का हो त्यांनी?"

पहिले आले खैरनार काका. या माणसानं आयुष्यभर नाशिक रोडला नोटा छापल्या आणि रोज बाहेर पडताना खिसे तपासून घेतले. गुप्त गोष्टीची चौकशी करणं हे त्यांच्या लेखी पाप. त्यामुळे तो शब्द त्यांनी इतक्या खालच्या आवाजात उच्चारला की मला ऐकू आलं 'पाच वडे'. दुःखाच्या घरी माणसाला भूक लागू शकते, त्यात लाजायचं काय, असं समजून मी त्यांना कोपऱ्यावरच्या गाडीचा पत्ता सांगितला. काका माझ्याकडे असे बघत राहिले की जणू तुझ्याबरोबर माझंही काहीतरी गेलंय.

मग आल्या आहेर बाई. त्यांनी निदान खडूफळ्याच्या आवाजात, स्पष्ट विचारलं. त्यांच्यानंतर तुमच्या सातपूर कॉलनीतले आणखी दोघं-तिघं. शेवटी मी जिन्यातच बसकण मारली आणि हसू आवरेना म्हणून रुमाल तोंडावर धरला. वरून बघणाऱ्या बायका म्हणाल्या, शशिकांत फारच खचलाय बिचारा. खचलोही होतो. दोन्ही एकाच रुमालात भागवलं.

दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. सगळ्यांनी रीत पाळली. न बोलता उठले, न बोलता चपला घातल्या, आणि संध्याकाळी न बोलता परत आले. कारण घरोघरच्या कॉम्प्युटरवर, खालच्या कोपऱ्यात, एक चौकोन उगवला होता: नवीन सुधारणा आल्या आहेत, पासवर्ड द्या. एरवी कॉम्प्युटर न विचारता सुरू व्हायचा, त्यामुळे हा चौकोन त्या लोकांनी आजवर पाहिलाच नव्हता. तो उगवायच्या आत तू उगवायचास.

म्हणजे बघ, आपलं भांडण इतकी वर्षं मिसळीच्या टेबलावर तुंबलं होतं आणि त्याची सुनावणी तुझ्याच जिन्यात सुरू झाली, तू गैरहजर असताना. हे तुझं नेहमीचंच. ऐन रंगात आलं की उठून जायचं.

भांडण काय होतं, ते हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. तुला पाठ आहे. दर रविवारी सकाळी मिसळ समोर आली की मी पापड मोडायचो आणि विचारायचो, "काय मुकुंदराव, आपल्या नाशकात किती घरांत ते तुमचं मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, खरं सांगा?" तू म्हणायचास, खूप. मी म्हणायचो, दोन माणसं. एक तू, दुसऱ्या वहिनी. आणि दोघं एकाच घरात राहता, म्हणजे घर एक.

मग तू घासासकट उसळायचास. रस्त्यावर खोदकाम चालू असताना ठेवतात तशा नारिंगी शंकूचं चित्र असलेला तो व्हिडिओ लावायचा प्रोग्रॅम तुझ्या घरी नाही का? तुझ्या मुलीच्या बारशाची सीडी तू कशात बघतोस? मी म्हणालो, शंकूत. "तो मुक्त आहे." इंटरनेट कशात उघडतोस? ते सांगितलं, तर त्याचाही अर्धा पाया मुक्त निघाला. खिशातला फोन काढायला लावलास, त्याच्याही पोटात तुझं लिनक्स, तेही मुक्तच. मी वैतागून म्हणालो, अरे, असा मोजायला लागलास तर तू गोदावरीसुद्धा मोजशील. मी विचारतोय घरातला कॉम्प्युटर. टेबलावरचा. ज्यावर क्रोशाचा रुमाल झाकलेला असतो तो. तो सुरू केला की समोर तुझं काही येतं, अशी घरं किती?

यावर तू रस्सा मागायचास. तिथे तुझी बाजू लंगडी होती, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या मिसळवाल्याला तू एकदा छळलंस ते आठवतं? काळ्या मसाल्यात काय काय घालता, असं त्याला सरळ विचारलंस. तो म्हणाला, "काका, खायचं काम करा. मसाला घरचा आहे, सांगत नसतो." तू आनंदानं टेबलावर थाप मारलीस आणि मला म्हणालास, "बघ. हे झालं बंद सॉफ्टवेअर. खा, पैसे दे, आत बघू नको. आणि मंगलचा मसाला? कुणीही विचारावं, ती सांगते. वर म्हणते, तुमच्या चवीनं धणे वाढवा आणि शेजारणीलाही द्या. ते मुक्त." तुझ्या सगळ्या व्याख्यानांत मला कळलेलं एवढंच. बाकीच्यांना तेवढंही कळलं नाही. आपल्या गावात 'मुक्त' म्हटलं की लोकांना मुक्त विद्यापीठाची घरबसल्या मिळणारी पदवीच आठवते. तू एका बाईंना तासभर मुक्त सॉफ्टवेअर समजावलंस आणि शेवटी त्यांनी विचारलं, परीक्षेचं केंद्र कुठलं मिळेल? तू घरी येऊन जेवला नव्हतास त्या दिवशी. म्हणजे वहिनी तसं म्हणतात. मला तू भेळेच्या गाडीवर दिसला होतास.

'फुकट' म्हटलेलं तुला चालायचं नाही. फुकट म्हटलं की माणूस किंमत करत नाही, म्हणायचास. खरी गंमत अशी होती की त्या काळात आपण सगळेच फुकटे होतो. प्रत्येकाच्या घरी ओळखीतल्या कुणीतरी आणून दिलेली चोरीची सीडी. आहेर बाई शाळेत मूल्यशिक्षण शिकवायच्या, 'चोरी करू नये' यावर मुलांकडून निबंध लिहून घ्यायच्या, आणि ते निबंध घरी टाइप करायच्या चोरलेल्या प्रोग्रॅममध्ये. हे तू त्यांना तोंडावर सांगितलंस. बाई लाल झाल्या, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी तुला घरी बोलावलं. तुझं पहिलं घर ते.

बाकीची घरं तुला मूल्यांनी मिळाली नाहीत, व्हायरसनं मिळाली. एक पेन ड्राइव्ह कॉलनीत पोरांच्या खिशातून फिरायचा आणि कॉम्प्युटर एकामागून एक आडवे व्हायचे. मग तू यायचास. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलं तुझं, त्यामुळे शर्टाच्या खिशात पेन्सिल, पट्टी आणि एक छोटा पेचकस कायम. स्टूल मागायचास, खुर्चीवर कधी बसला नाहीस, खुर्ची घरमालकाची. चहा व्हायचा. काम व्हायचं. जुनं, दम लागलेलं खोकं पुन्हा पळायला लागायचं. आणि शेवटी तू अदबीनं मान वळवून विचारायचास, "पासवर्ड काय ठेवू?"

हा प्रसंग मी निदान चार-पाच घरांत समक्ष पाहिलाय, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत होऊनही मला दिसला नव्हता. ते पुढे येईल.

तेरावं झालं. माणसं पांगली. आणि मग खैरनार काकांचा फोन आला. त्यांच्या जावयानं कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस ठरवला होता. दुकानवाल्याचं म्हणणं, हे असलं आम्ही करत नाही, सरळ पुसून टाकू आणि सगळ्यांसारखं घालून देऊ. तोच माणूस पुढे आहेर बाईंकडे जाणार होता, तिथून पुढे. तुझ्या वसाहतीवर एका रांगेत नांगर फिरणार होता. माहीतगार माणसाला ते कुलूप चावीशिवायही उघडता आलं असतं, पण आमच्यातला माहीतगार तूच.

मी वहिनींकडे गेलो. त्या त्यांच्या कॉम्प्युटरवर भजनी मंडळाची पत्रकं करत बसल्या होत्या. मी हळूच विषय काढला. त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "भावजी, यांचं काही राहील का हो? की सगळं पुसणार?"

मुकुंदा, मी सूत्रसंचालन करणारा माणूस. लग्नपत्रिका छापणं हा धंदा आणि माईक हातात घेणं हा आजार. कुठल्याही मंडपात, कुठल्याही प्रसंगी, माझ्याकडे वाक्य असतं. त्या वेळी सुचला तो पासवर्डच.

आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, वहिनी, तुमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काय आहे, तोच सगळीकडे असेल कदाचित. तर त्या चक्क दुखावल्या. "माझा मी ठेवलाय. त्यांनाही माहीत नव्हता. यांनी विचारलं, पासवर्ड काय ठेवू? मी म्हटलं, बाजूला व्हा, मला टाइप करता येतं."

आणि त्या क्षणी, वहिनींच्या त्या 'बाजूला व्हा'वर, मला ते सगळं पुन्हा दिसलं. आहेर बाईंचा हॉल. स्टुलावर तू. तू विचारतोस, पासवर्ड काय ठेवू? आणि बाई काय म्हणतात? आपल्याकडे सभ्य माणूस काय म्हणतो? वाढणाऱ्याला आपण म्हणतो, तुमच्या हातानं घाला. मुलाचं नाव विचारणाऱ्या आत्याला म्हणतो, तुम्हीच ठेवा. बाई म्हणाल्या होत्या, "अहो, तुम्हीच ठेवा काहीतरी." आणि तू मिशीत हसलास, कीबोर्ड बडवलास आणि म्हणालास, "झालं. लक्षात ठेवा हं, पासवर्ड तुम्हीच ठेवलाय."

सगळ्यांना वाटलं, हा विनय. पुढे कधी कुणी विचारलं तरी तू तेच म्हणायचास: पासवर्ड? तुम्हीच ठेवलाय की. लोकांना वाटायचं, तू रागावतोयस, विसरल्याबद्दल टोचतोयस. कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. अरे नालायका, तू उत्तर सांगत होतास.

मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. म्हणाल्या, "असं करूच शकतात ते." त्या हसल्या, मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तुझ्या घरातलं ते पहिलं हसू, म्हणून नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आहेर बाईंकडे. इंग्रजीत tumhich. मी रुबाबात टाइप केलं. उघडलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मी वाकून अभिवादन स्वीकारलं. तिथून तडक खैरनार काकांकडे, कारण दुकानवाला दुपारी येणार होता. तिथे tumhich टाइप केलं. नाही उघडलं. 'तुम्ही' करून पाहिलं, शेवटी एच जोडून पाहिलं, न जोडून पाहिलं. काकांचा जावई सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होता, जादूगाराचं कबूतर मेलेलं निघावं तसं.

तेव्हा मला तुझी ड्रॉइंग ऑफिसची खोड आठवली. समोर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, मनानं सुधारायचं नाही. मी काकांना म्हणालो, काका, इकडे या, खुर्चीवर बसा. मला एक स्टूल द्या आणि एक पेन्सिल. पेन्सिल खिशाला लावली. स्टुलावर बसलो, तुझ्यासारखा, एक गुडघा बाहेर काढून. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. आणि मान वळवून, तुझ्या त्या अदबीच्या, जरा नाकातल्या आवाजात विचारलं,

"काका, पासवर्ड काय ठेवू?"

मुकुंदा, मी आयुष्यात पुष्कळ नकला केल्या. नेत्यांच्या केल्या, भटजींच्या केल्या, तुझ्यासमोर तुझ्या केल्या. पण यापेक्षा मोठी दाद कुठल्याही नकलेला मिळाली नव्हती. काकांचा चेहरा सैल पडला. त्यांना मी दिसतच नव्हतो. अगदी सहज, सवयीनं ते म्हणाले,

"मुकुंदराव, तुमीच ठिवा ना."

मी टाइप केलं, tumich. मधला एच गाळून. उघडलं.

मग मी घरोघर तू होऊन फिरलो. दुसरा उपाय नव्हता. प्रत्येकाला खुर्चीवर बसवायचं, आपण स्टुलावर, आणि तोच प्रश्न. बहुतेक सगळे 'तुम्हीच', आपापल्या उच्चारात. एक ताई म्हणाल्या, "काहीही ठेवा," तर पासवर्ड होता kahihi. एका आजोबांनी माझ्या प्रश्नावर नुसतं "हं?" केलं. मी hm करून पाहिलं, huh करून पाहिलं. शेवटी आठवलं, आजोबांना कमी ऐकू येतं. तेव्हाही प्रश्न दुसऱ्यांदा विचारला असशील. दुसऱ्यांदा विचारलं आणि आजोबा खेकसले, "तुम्हीच बघा की." सोडवलं ते कुलूप.

दुकानवाला काकांकडे वेळेवर आला होता. मी नव्हतो तिथे, जावयानंच नंतर सांगितलं. दुकानवाल्यानं बॅग उघडली, म्हणाला, कशाला ठेवता हे, सगळे वापरतात तेच घेऊ. काका उठले आणि कॉम्प्युटरपुढे उभे राहिले. एवढ्या वर्षांत काका कॉलनीत मराठीच बोलायचे, फार तर एखादा 'ह' गाळून; सटाण्याची अहिराणी फक्त गावाहून फोन आला की. त्या दिवशी ती वर आली.

"हाऊ मना शे," काका म्हणाले. हा माझा आहे.

आणि मी सांगितलं होतं त्याप्रमाणे त्यांनी जावयासमोर बसून नवा पासवर्ड ठेवला, डाव्या हाताचा आडोसा करून. कुणालाही सांगितलेला नाही. नोटांच्या छापखान्यातला माणूस. आता तो कुठल्याच तपासणीत सापडायचा नाही.

तुला हे ऐकून फार चढू नये म्हणून उरलेलंही सांगतो. दोन घरांत मी पोचायच्या आत पुसून झालं होतं आणि त्यांना काही फरकही पडलेला नाही. म्हणाले, आम्हाला काय, फोटो दिसले की झालं. आणि ज्यांनी ठेवलंय, त्यांनी तरी ते का ठेवलंय? आहेर बाईंना मी विचारलं, बाई, मुक्त आहे म्हणून ठेवताय ना? बाई म्हणाल्या, "मुकुंदरावांनी घातलंय म्हणून." मग सांग, ही माणसं लिनक्स वापरतात की तुला वापरतात? यांना मोजायचं की नाही? मी म्हणतो, नाही. तू म्हणशील, कशासाठी ठेवलं ते विचारू नको, ठेवलं ना? हा मुद्दा शिल्लक आहे. रविवारी मी मिसळीला गेलो होतो. समोर कुणी नव्हतं, तरी तुझी बाजू मी बऱ्यापैकी मांडली. मिसळवाल्यानं न विचारता दुसरा रस्सा आणून ठेवला आणि म्हणाला, "मसाल्यात दगडफूल असतं, काका. त्यांना सांगायचं राहिलं." बघ, तिथेही तू एक कुलूप उघडलंस.

आता माझ्या घरचं. दुकानात मी खिडकीवाल्यांचं वापरतो, पत्रिकांच्या फाँटसाठी. पण घरच्या कॉम्प्युटरवर तूच येऊन घातलंस, मुलगी बारावीला होती तेव्हा. मी जगभर सांगायचो, हे पाहुण्यांसाठी आहे, मी फक्त पत्ते खेळतो त्यावर. पत्त्यांसाठी कॉम्प्युटर सकाळ-संध्याकाळ चालू लागतो का, असं तू एकदाही विचारलं नाहीस. माणसाला उघडं पाडायचं नाही ही तुझी एक सभ्यता होती, आणि मी तिच्यावर बरीच वर्षं आरामात राहिलो.

सगळ्यांची कुलपं काढून झाल्यावर मी घरी आलो आणि माझ्या चौकोनासमोर बसलो. tumhich टाकलं. नाही. अर्थातच नाही. मिसळीवर चिडवताना सोडून तुला मी अहोजाहो कधी करणार? मी त्या दिवशी काय म्हणालो होतो ते मात्र आठवेना. शिवी दिली असेन की विनोद केला असेन, माझा काही भरवसा नाही. सगळ्यांना विचारायला मी होतो. मला विचारायला कोण?

मग मी उठलो. स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. तुझ्या जागी ठेवलं, खुर्चीच्या डाव्या हाताला. बायको दारातून बघत होती. मी स्टुलावर बसलो, पेन्सिल खिशाला लावली, मान वळवली आणि रिकाम्या खुर्चीला विचारलं, "शशा, पासवर्ड काय ठेवू?" मग झटकन उठून खुर्चीवर बसलो, उत्तर थंड व्हायच्या आत. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं,

"तूच ठेव रे बाबा."

t, u, c, h. उघडलं.

खाली हिरवी पट्टी सरकायला लागली. तुझ्या त्या सुधारणा जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून कोण पाठवतं कोण जाणे, पण येत होत्या. मी स्टुलाकडे बघत बसलो. पट्टी भरेपर्यंत तू कधी उठायचा नाहीस, चहा गार झाला तरी.

बाकी सगळ्यांना मी पासवर्ड बदलायला लावला. तुझं म्हणणं पटवून दिलं: घर तुमचं, कुलूप तुमचं, चावी तुमचीच असू दे. माझा मी बदललेला नाही. वहिनी म्हणाल्या, हे छापून आलं की सगळ्या नाशिकला तुमचा पासवर्ड कळेल भावजी, आधी बदला. मी म्हणालो, कळू द्या, वहिनी, तुम्ही मसाला सांगता ना सगळ्यांना.

एक बदल मात्र केलाय. आधी माझाही कॉम्प्युटर न विचारता सुरू व्हायचा, तूच तशी सोय करून दिली होतीस. ती मी बंद केली. आता तो रोज सकाळी आधी विचारतो, आणि मी सांगतो: तूच.